सरकारी फायबर गावात आली. डिशवाल्या नेटधंद्याचे काय होणार?

केंद्र सरकारने 4 ऑगस्ट 2023 रोजी भारतनेटची सुधारित योजना मंजूर केली. रक्कम 1 लाख 39 हजार 579 कोटी रुपये. एवढा मोठा आकडा आला की वर्तमानपत्रे तो ठळक छापतात आणि दुसऱ्या दिवशी विसरतात. आमच्या या पानाचा वाचक व्यापारी आणि कारागीर आहे. त्याचा प्रश्न सरळ असतो: हा पैसा कोणाच्या खिशातून निघतो, कोणाच्या हातात जातो आणि आपल्या गल्लीतल्या धंद्यावर त्याचा काय परिणाम होतो? भिवंडी तालुक्यात हा प्रश्न ज्याच्या पोटापाण्याचा आहे, तो माणूस म्हणजे गावोगावी गच्चीवर डिश बसवून इंटरनेट देणारा छोटा नेटवाला. आजचा लेख त्याच्यासाठी, आणि त्याच्याकडून लाइन घेणाऱ्या गोडाऊनवाल्या, ट्रान्सपोर्टवाल्या व लूमवाल्या बांधवांसाठीही आहे.

आधी हा धंदा काय आहे ते पाहू. ठाणे किंवा कल्याणच्या बाजूने एखाद्या मोठ्या कंपनीची फायबर घ्यायची. ती जिथवर येते तिथे उंच इमारतीच्या गच्चीचा कोपरा भाड्याने घ्यायचा, लोखंडी पोल उभा करायचा, त्यावर रेडिओ चढवायचा. पलीकडच्या गावात दुसरा पोल, दुसरा रेडिओ. तेथून ग्राहकाच्या छपरावर छोटी डिश, डिशमधून खाली वायर, वायरच्या टोकाला राउटर. रस्ता खोदायला नको, नाला ओलांडायला नको, शेताच्या मालकाची परवानगी नको. दोन ठिकाणांमध्ये नजर सरळ पोचली म्हणजे झाले. पडघा, अंबाडी, वज्रेश्वरी या पट्ट्यात वस्त्या विखुरलेल्या आहेत. तेथे दहा घरांसाठी दोन किलोमीटर केबल ओढणे कोणालाच परवडत नाही. तेथे हा रेडिओ कामाचा ठरतो.

ही सोय कायद्याने झाली. 2005 च्या जानेवारीत केंद्र सरकारने 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला. ठरलेल्या शक्तीच्या आत कोणीही तो वापरावा, लहरींचे भाडे नाही. 5 गिगाहर्ट्झच्या बाजूला मात्र उघड्यावर वापरण्यासाठी अगदी चिंचोळी जागा होती. 22 ऑक्टोबर 2018 च्या अधिसूचनेने ती 605 मेगाहर्ट्झपर्यंत रुंद केली. ज्याला लिलावात लहरी विकत घेण्याची ऐपत नाही, अशा माणसाला धंदा करता आला तो या दोन कागदांमुळे. जिल्ह्यापुरत्या क वर्गाच्या इंटरनेट लायसनला युनिफाइड लायसनच्या पद्धतीत प्रवेश फी 20 हजार रुपये होती. राज्यापुरत्या ब वर्गाला 2 लाख आणि देशभराच्या अ वर्गाला 30 लाख. बरेचजण तेही न घेता एखाद्या लायसनवाल्या कंपनीची फ्रँचायझी घेतात आणि तिच्या नावाने पावती फाडतात.

आता गिऱ्हाइकाकडे पाहा. भिवंडीला इंटरनेट ही करमणुकीची गोष्ट राहिलेली नाही. 1 एप्रिल 2018 पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला आणि त्याच वर्षीच्या 25 मेपासून महाराष्ट्रातल्या मालालाही ई-वे बिल लागते. 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींच्या वर उलाढाल असलेल्याला ई-इनव्हॉइस काढावे लागते. माणकोली नाक्यावर गाडी भरून उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे आणि लाइन बंद म्हणून बिल निघत नाही, हे दृश्य येथल्या कोणाला सांगायला नको. लूमवाल्यालाही विजेच्या सवलतीचे अर्ज ऑनलाइन भरावे लागले आहेत. लाइन अर्धा दिवस गेली तर नुकसान रुपयांत मोजता येते.

निधी कोणाचा, खर्च कोणाचा

ग्रामीण दूरसंचाराचा सरकारी निधी 1 एप्रिल 2002 रोजी सुरू झाला. त्याला यूएसओ फंड म्हणत. कल्पना अशी की शहरात कमावणाऱ्या कंपन्यांनी आपल्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के रक्कम वेगळी द्यावी आणि त्यातून खेड्यांत फोन जावा. लायसन फी एकूण 8 टक्के; त्यातले 5 टक्के या निधीचे, उरलेले 3 टक्के सरकारी तिजोरीचे. सुरुवातीला निधी साध्या टेलिफोनपुरता होता. 2006 च्या दुरुस्तीने मोबाइल आणि ब्रॉडबँड त्यात आले.

ब्रॉडबँडचे पहिले मोठे काम 2009 च्या जानेवारीत बीएसएनएलला मिळाले. खेड्यांतल्या टेलिफोनच्या तांब्याच्या तारांवर 8 लाख 61 हजार जोडण्या द्यायच्या होत्या आणि वेग होता 512 केबीपीएस. एकाच कंपनीला अनुदान देण्याची रीत तेव्हाच पडली. पुढे 2011 च्या ऑक्टोबरमध्ये ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना मंजूर झाली. 2015 मध्ये तिचे नाव भारतनेट झाले. 2017 मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला तेव्हा महाराष्ट्राने आपल्या वाट्याचे काम स्वतःच्या महाआयटी या महामंडळाकडे घेतले आणि त्याला महानेट म्हटले.

येथपर्यंत छोट्या नेटवाल्याचे काही बिघडले नव्हते. सरकारी फायबर ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येऊन थांबे. पेटी भिंतीला लागे आणि पुष्कळ ठिकाणी तशीच पडून राही. कचेरीपासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा कोणी करायचा, याचे उत्तर योजनेत नीट नव्हते. ते उत्तर डिशवाला देत होता.

2023 च्या सुधारणेने नेमकी ही गोष्ट बदलली. 2 लाख 64 हजार ग्रामपंचायती आता रिंग पद्धतीने जोडायच्या, म्हणजे एका बाजूची तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने लाइन चालू राहावी. सुमारे 3 लाख 80 हजार इतर गावांना मागणीप्रमाणे जोडणी द्यायची. काम तीन वर्षांत बांधायचे आणि पुढे दहा वर्षे सांभाळायचे, अशी ठेकेदारीची अट. आणि सर्वात मोठी गोष्ट: पाच वर्षांत दीड कोटी घरांना सरळ फायबर. म्हणजे निधीचा पैसा कचेरीच्या भिंतीवरून उतरून घराच्या उंबऱ्यापर्यंत आला.

दरम्यान 2023 च्या दूरसंचार कायद्याने यूएसओ फंडाचे नाव डिजिटल भारत निधी केले आणि 30 ऑगस्ट 2024 रोजी त्याचे नियम निघाले. नाव बदलले तरी 5 टक्क्यांची पावती तीच आहे.

येथे आमचे स्पष्ट मत आहे. क वर्गाचा लायसनवाला आपल्या हिशेबी महसुलाच्या दर 100 रुपयांमागे 5 रुपये या निधीत टाकतो. फ्रँचायझीवाला थेट टाकत नसला तरी वरची कंपनी तो बोजा धरूनच त्याचा वाटा ठरवते. मग त्याच निधीतून त्याच्याच गावात, त्याच्याच गिऱ्हाइकाच्या दारी फायबर ओढली जाते. लाख कोटींची कंपनी हे सहन करते, कारण तिला निधीतून कामही मिळते. तीनशे गिऱ्हाइकांचा माणूस भरतो मात्र, परत मागायची खिडकी त्याला सापडत नाही. ट्रायने 2021 च्या ऑगस्टमध्ये शिफारस केली होती की फिक्स्ड ब्रॉडबँडच्या उत्पन्नावरची लायसन फी काही वर्षे माफ करावी. त्याच शिफारशींत दुसरी एक सूचना होती: खेड्यातल्या ग्राहकाला महिन्याच्या बिलाची निम्मी रक्कम, जास्तीत जास्त 200 रुपये, थेट खात्यात परत देण्याचा प्रयोग करावा. ही दुसरी सूचना आम्हाला अधिक न्यायाची वाटते. अनुदान ग्राहकाच्या हातात असते तर ग्राहकाने ठरवले असते की लाइन बीएसएनएलची घ्यायची की शेजारच्या पोराची.

लायसन फीचा आणखी एक मुद्दा राहतो. नुसत्या इंटरनेटच्या उत्पन्नावर फी लावावी की नाही, यावर जुन्या आणि नव्या लायसनवाल्यांमध्ये भेद झाला होता. टीडीसॅटने 18 ऑक्टोबर 2019 च्या निकालात नव्या लायसनवाल्यांचे म्हणणे उचलून धरले. तेव्हा ज्याच्या नावावर लायसन आहे त्याने आपल्या कागदातले महसुलाचे कलम आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या हिशेबनिसाला एकदा वाचायला लावाव्यात. डोळे मिटून 8 टक्के भरणे आणि डोळे मिटून न भरणे, दोन्ही महागात पडते.

जॉबवर विणायचे की आपले सूत घालायचे

सुधारित योजनेत गावच्या धंदेवाल्यासाठी एक दार ठेवले आहे. त्याचे नाव भारतनेट उद्यमी. बीएसएनएल बँडविड्थ देते; उद्यमी गिऱ्हाईक आणतो, घरापर्यंत तार ओढतो, बिघाड दुरुस्त करतो; आणि बिलाचे उत्पन्न निम्मे-निम्मे वाटले जाते. 2023 मध्ये सरकारने सांगितले की प्रायोगिक काळात 3,800 उद्यमींनी 60 हजार गावांत साडेतीन लाखांवर जोडण्या दिल्या. सर्वात स्वस्त प्लॅन तेव्हा 399 रुपयांचा होता, वेग 30 एमबीपीएस.

भिवंडीच्या माणसाला ही पद्धत समजावून सांगावी लागत नाही. हे जॉबवर्क आहे. सूत व्यापाऱ्याचे, लूम आपली, मजुरी पिकाच्या दराने. सूत महागले, कापड पडले, तर चिंता व्यापाऱ्याची. पण दर ठरवण्याची ताकदही व्यापाऱ्याची. याउलट स्वतःचे सूत घालून स्वतःचे ग्रे कापड विकणारा कधी दोन पैसे जास्त कमावतो, कधी माल गळ्यात पडतो. आजचा डिशवाला आपले सूत घालणारा आहे. उद्यमी झाला की तो जॉबवर विणणार.

हिशेब करून पाहू. आकडे समजण्यापुरते आहेत. 200 जोडण्या, प्रत्येकी 399 रुपये, म्हणजे जीएसटी सोडून महिन्याचे 79,800. निम्मे म्हणजे 39,900 उद्यमीचे. यातून एक लाइनमन, मोटरसायकलचे पेट्रोल, तुटलेल्या तारेचे जोडकाम, खराब झालेले ओएनयू. एक माणूस स्वतः राबला तर घर चालेल. तोच माणूस आपल्या डिशवर 200 गिऱ्हाइके सांभाळतो तेव्हा पूर्ण 79,800 त्याचे, पण बँडविड्थचे बिल, गच्च्यांची भाडी, बॅटऱ्या, लायसन फी किंवा फ्रँचायझीचा वाटा आणि जळालेले रेडिओ त्याच्याच माथी. आपल्याकडे पावसाळ्यात रेडिओ का बिघडतात हे जाता जाता सांगतो. 5 गिगाहर्ट्झच्या लहरीला पावसाचे थेंब फारसे अडवत नाहीत. अडवतात ती ओली झाडे, वाऱ्याने हललेला पोल, जोडणीत शिरलेले पाणी आणि वीज. चांगला अर्थिंगचा रॉड आणि पाण्यापासून बचावाची टेप यांवर वाचवलेले दोन हजार रुपये एका वळवात जातात.

पण डिशवाल्याला खरी भीती फायबरच्या दराची वाटावी त्याहून जास्त फायबरच्या क्षमतेची वाटली पाहिजे. त्याच प्रायोगिक काळात एका घराचा सरासरी वापर महिन्याला 175 जीबी निघाला. म्हणजे दिवसाला सहा जीबीच्या जवळ. त्यातला निम्मा वापर संध्याकाळच्या चार तासांत झाला असे धरले, तर त्या वेळी प्रत्येक घर सरासरी दीड एमबीपीएसहून जास्त सतत ओढते. एका सेक्टर रेडिओवर साठ घरे असतील तर शंभराच्या जवळपास एमबीपीएस एका वेळी लागतात. जुना सेक्टर रेडिओ 20 मेगाहर्ट्झच्या जागेत प्रत्यक्षात एवढेच, बहुधा याहून कमी देतो. मगरिबनंतर फोन वाजू लागतात, "भाई, व्हिडिओ अटकतो आहे," त्याचे कारण या आकड्यांत आहे. नवा रेडिओ घेतला, पट्टा रुंद केला, तर क्षमता वाढते. पण लहरींचा रस्ता सगळ्यांसाठी मोकळा असल्याने तेथेही गर्दी झाली आहे. जिओने एअरफायबर 19 सप्टेंबर 2023 ला बाजारात आणले आणि काही ग्राहकांचा शेवटचा टप्पा ती कंपनी याच परवानामुक्त 5 गिगाहर्ट्झच्या रेडिओने जोडते. 2025 पासून ट्राय असे ग्राहक वेगळे मोजू लागली. मोकळ्या मैदानात सर्कशीचा तंबू पडला तर पतंग उडवणाऱ्या पोरांना तक्रार करायला जागा नसते. परवानामुक्त पट्ट्यात अडथळ्यापासून संरक्षण नाही, ही त्या नियमाची दुसरी बाजू आहे.

शहर कोणते, खेडे कोणते

सरकारच्या लेखी ग्रामपंचायत म्हणजे खेडे आणि महापालिका म्हणजे शहर. भिवंडीत या व्याख्येची गंमत होते. काल्हेर, कशेळी, पूर्णा, राहनाळ, माणकोली या पट्ट्यात देशातल्या मोठमोठ्या कंपन्यांची गोदामे आहेत. एकेका शेडचे छप्पर म्हणजे मैदान. भोवतालच्या 60 गावांचे नियोजन 2007 पासून एमएमआरडीएकडे आहे. समृद्धी महामार्गाचे मुंबईकडचे टोक आमणे येथे याच तालुक्यात आहे. 5 जून 2025 रोजी शेवटचा टुकडा खुला झाला. तरीही कारभार ग्रामपंचायतीचा, म्हणून हा पट्टा भारतनेटच्या हिशेबात खेडे. आणि शांतीनगर, गैबीनगर येथील दाटीवाटीच्या मोहल्ल्यांत, जेथे एका खोलीत चार लूम आणि वर माळ्यावर कुटुंब राहते, ते शहर. तेथे ग्रामीण अनुदानाचा एक रुपया लागू नाही.

याचा अर्थ छोट्या नेटवाल्याने असा घ्यावा की त्याचे दोन धंदे आहेत आणि दोन्हींचे भवितव्य वेगळे आहे. पडघ्यापलीकडच्या घरगुती गिऱ्हाइकावर सरकारी फायबरचा दाब पडेल, कारण तेथे गिऱ्हाईक दर पाहते. गोडाऊनचे गिऱ्हाईक दर दुसऱ्यांदा पाहते. त्याला पहिल्यांदा हवे असते ते हे की लाइन पडली तर माणूस तासाभरात यावा. शिवाय माजिवडे ते वडपे महामार्गाच्या रुंदीकरणाच्या काळात जेसीबीने फायबर तोडणे म्हणजे काय हे या पट्ट्याने अनुभवले आहे. ज्याच्याकडे फायबर आहे त्यालाही आकाशातून येणारी दुसरी लाइन हवी असते. एक लाइन जमिनीखालून, दुसरी छपरावरून: दोन्ही एकाच दिवशी पडण्याचा संभव फार कमी. आम्हाला वाटते की डिशवाल्याने गोडाऊन आणि ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्यांना आपली लाइन "स्वस्त लाइन" म्हणून विकणे सोडावे आणि "दुसरी लाइन" म्हणून, लेखी करार करून, योग्य दराने विकावी.

गावातल्या घरांसाठी तिसरा मार्ग आहे आणि त्याची चर्चा आम्हाला कमी दिसते. भारतनेटची बँडविड्थ आणि न वापरलेली फायबर इतर सेवादारांना भाड्याने देण्याची तरतूद योजनेत पहिल्यापासून आहे. 2024 च्या निधी नियमांत तर स्पष्ट लिहिले आहे की निधीच्या पैशाने उभारलेले जाळे खुलेपणाने आणि भेदभाव न करता इतरांना वापरायला द्यावे लागेल. म्हणजे ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत आलेली सरकारी फायबर ही डिशवाल्याची स्वस्त मुख्य लाइन होऊ शकते. सहा-सात पोल उडवत ठाण्याहून लहर आणण्याऐवजी गावातच पाणी उपसावे आणि आसपासच्या पाड्यांना, जेथे उद्यमीची तार वर्षानुवर्षे जाणार नाही, तेथे रेडिओने द्यावे. हा हक्क नियमात आहे. तो प्रत्यक्षात मिळवायचा तर लेखी अर्ज करावा लागेल, पोच घ्यावी लागेल आणि नकार आला तर तोही लेखी मागावा लागेल. एकट्याने अर्ज केला तर फाइल खाली जाते. तालुक्यातल्या दहा-पंधरा जणांनी मिळून केला तर निदान ती उघडली जाते.

अमेरिकेत काय झाले

अशीच कसरत अमेरिकेतल्या छोट्या वायरलेसवाल्यांनी केली. तेथे 2021 च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या कायद्याने ब्रॉडबँडसाठी 42.45 अब्ज डॉलर ठेवले. 2022 च्या नियमांत फायबरला अग्रक्रम होता आणि परवानामुक्त लहरींवर दिलेली लाइन "भरवशाची" धरली जात नव्हती. परिणाम असा की ज्या गावात छोटा वायरलेसवाला वर्षानुवर्षे सेवा देत होता, ते गाव कागदावर इंटरनेट नसलेले ठरले आणि तेथे अनुदान घेऊन दुसऱ्याने यावे असे झाले. वर अनुदानाच्या 25 टक्के रकमेचे बँकेचे हमीपत्र. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये ही अट सैल केली गेली, कारण छोटे लोक दारातच अडकत होते.

6 जून 2025 रोजी नवीन सरकारने नियम फिरवले. फायबरचा अग्रक्रम गेला. जो स्वस्तात चालेल ती पद्धत घ्यावी असे ठरले. परवानामुक्त वायरलेसवाल्यालाही म्हणता येऊ लागले की "येथे मी आधीच सेवा देतो, येथे दुसऱ्याला अनुदान देऊ नका". पण त्यासाठी मुदत किती? आपण पुरावा देणार हे कळवायला सात दिवस, आणि पुरावा सादर करायला त्यानंतरचे किमान सात दिवस. ज्याच्याकडे गिऱ्हाइकांची यादी, पोलची जागा, रेडिओची क्षमता आणि वेगाच्या नोंदी तयार होत्या, त्यालाच एवढ्या मुदतीत आपला मुलूख राखता येणार होता. उपग्रहवाल्या कंपन्यांनाही त्या फेरीत पुष्कळ जागा मिळाल्या.

तेथला दुसरा धडा लालसेचा आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये निकाल जाहीर झालेल्या ग्रामीण लिलावात एलटीडी ब्रॉडबँड नावाची छोटी वायरलेस कंपनी 15 राज्यांत मिळून 1.3 अब्ज डॉलरच्या अनुदानाची मानकरी ठरली. एवढे काम ती करू शकेल असे सरकारी आयोगाला पटले नाही आणि 2022 च्या ऑगस्टमध्ये तिचा अर्ज फेटाळला गेला.

उपग्रहाची गोष्ट आपल्याकडेही आली आहे. स्टारलिंकला 2025 च्या जूनमध्ये भारतात लायसन मिळाले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्र सरकारने तिच्याशी इरादापत्र केले. त्यात नावे गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांची आहेत. भिवंडीच्या नेटवाल्याने आज त्याची धास्ती घेण्याचे कारण आम्हाला दिसत नाही.

कागद तयार ठेवा

अनुदानाचा अनुभव आपल्या शहराला नवा नाही. 1999 च्या एप्रिलपासून वस्त्रोद्योगात टफची योजना चालली. तिची सवलत बँकेच्या कर्जाच्या व्याजावर मिळे. जो व्याजापासून दूर राहतो, किंवा ज्याच्या कारखान्याच्या जागेचे कागद सरळ नाहीत, त्याच्यासाठी ती योजना असून नसल्यासारखी होती. पॉवरटेक्स इंडिया तर 1 एप्रिल 2017 रोजी भिवंडीतच सुरू झाली आणि साध्या लूमच्या सुधारणेची तिची योजना आठ लूमपर्यंतच्या छोट्या माणसासाठी होती. तेथेही ज्याच्याकडे नोंदणी, बिले आणि वीज मीटर स्वतःच्या नावावर, त्याचेच काम पुढे सरकू शकत होते. नेटच्या धंद्यात हेच होणार.

म्हणून आज ज्याचा धंदा तोंडी चालतो त्याने तो कागदावर आणावा. फ्रँचायझीचा करार मुद्रांकावर हवा, त्यात गिऱ्हाईक कोणाचे हे लिहिलेले हवे. कंपनीने उद्या हात काढला तर तीनशे घरांची यादी कोणाकडे राहणार हे कराराशिवाय ठरत नाही. गच्चीच्या भाड्याची लेखी संमती हवी. प्रत्येक रेडिओ ईटीए असलेलाच घ्यावा आणि बिल जपावे. परदेशातून पिशवीतून आलेले स्वस्त यंत्र जप्तीच्या दिवशी सर्वात महाग पडते. गिऱ्हाइकाची ओळखपत्रे आणि वापराच्या नोंदी लायसनच्या अटींप्रमाणे ठेवाव्यात. आपल्या वस्तीत तर हे दुप्पट महत्त्वाचे आहे, कारण कोणाच्या लाइनवरून काय गेले याची चौकशी झाली तर नोंद नसलेला नेटवालाच आधी बसवून ठेवला जातो. दर महिन्याला प्रत्येक गावातल्या चार गिऱ्हाइकांकडे वेग मोजून तारखेसह लिहून ठेवावा. वेगाची खालची पायरीही लक्षात असावी: 2023 च्या जानेवारीपासून 2 एमबीपीएसच्या खाली ज्याचा वेग आहे त्याला ब्रॉडबँड म्हणता येत नाही.

उद्यमी होणाऱ्याने करारात तीन गोष्टी वाचाव्यात: बिलाचा वाटा किती दिवसांत खात्यात येणार, खांब-तार-ओएनयू यांचा खर्च आणि मालकी कोणाची, आणि उद्यमी असताना स्वतःचा वायरलेस धंदा चालू ठेवता येतो की नाही. तिसऱ्या मुद्द्यावर तोंडी उत्तर घेऊ नये. भांडवलासाठी दोन-तीन नेटवाल्यांनी शिरकत करावी, एकाची गच्ची, एकाचे सामान, एकाची मेहनत, हा आपल्या लोकांचा जुना मार्ग आहे आणि दोनशे-तीनशे जोडण्यांच्या धंद्याला तो पुरतो.

शहरातल्या मोहल्ल्यांत, जेथे ग्रामीण अनुदान पोचत नाही, तेथे पीएम-वाणीची सोय आहे. 9 डिसेंबर 2020 रोजी मंजूर झालेल्या या पद्धतीत चहावाला, किराणावाला, झेरॉक्सवाला आपल्या दुकानात वायफाय बसवून पाच-दहा रुपयांची कूपने विकू शकतो. त्याला लायसन लागत नाही, फी लागत नाही. जुन्या एसटीडी-पीसीओच्या बूथचाच हा अवतार आहे. अडचण अशी होती की कंपन्या अशा दुकानदाराला व्यापारी लाइन घ्यायला लावत आणि तिचा दर ऐकून तो परत फिरे. 16 जून 2025 रोजी ट्रायने आदेश काढला: 200 एमबीपीएसपर्यंतच्या फायबर लाइनसाठी अशा दुकानदाराकडून घरगुती दराच्या दुपटीहून जास्त घेता येणार नाही. गैबीनगरच्या कोपऱ्यावरचा चहावाला आता 500 रुपयांच्या घरगुती प्लॅनएवढीच लाइन जास्तीत जास्त 1,000 रुपयांत मागू शकतो. मागताना आदेशाची प्रत सोबत न्यावी.